जुन्या चर्चमध्ये मैफली करायच्या आहेत, आवाज फार घुमतो. भिंतींना पॅनेल लावावेत का?

आपला प्रश्न मी जसा समजले तसा आधी मांडते. पुण्याच्या कॅम्प भागातील एकोणिसाव्या शतकातील एक दगडी चर्च आपल्या संस्थेकडे चालवायला येणार आहे. मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, उपासनेसाठी नव्या इमारतीत गेल्यापासून जुनी वास्तू बंद आहे आणि तेथे संगीताचे कार्यक्रम करायला चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीची तत्त्वतः हरकत नाही. मुख्य दालन सुमारे ७५ फूट लांब व ३६ फूट रुंद आहे, बाजूच्या भिंती २२ फूट उंच आहेत आणि छपराचा कणा ३८ फुटांवर आहे. टाळी वाजवली तर आवाज चार सेकंद रेंगाळतो. एका विक्रेत्याने सगळ्या भिंतींना फोमचे पॅनेल चिकटवण्याचे दरपत्रक दिले आहे. ते स्वीकारावे का, असे आपण विचारले आहे.

त्या दरपत्रकापुरते उत्तर ‘स्वीकारू नये’ एवढेच आहे. मात्र आपली खरी अडचण पॅनेलची नाही. त्या दालनात कोणते संगीत ऐकायचे हे ठरण्याआधीच उपायाची निवड होऊ लागली आहे, ही अडचण आहे. मी बावीस वर्षे सभागृहांच्या ध्वनिरचनेचे काम करते. जुन्या वास्तूंच्या बाबतीत मला सर्वांत जास्त नुकसान झालेले दिसले ते याच घाईमुळे, आणि त्यात एकदा माझाही हात होता. ते पुढे सांगते.

चर्चमधला घुमारा हा दोष नाही. ओळीने म्हटली जाणारी प्रार्थना, ऑर्गन आणि समूहगान या तिन्हींना तो हवाच असतो; एक सूर मावळण्याआधी दुसरा त्यावर येऊन बसावा, अशीच त्या संगीताची घडण आहे. आपले ख्यालगायन मात्र वेगळ्या जागेत वाढले. वाड्याचा दिवाणखाना, लाकडी तक्तपोशी, गाद्या, लोड, पडदे आणि दाटीवाटीने बसलेले पन्नास-साठ लोक, अशा खोलीत आवाज जवळजवळ रेंगाळतच नाही. पुण्याच्या श्रोत्याचा कान पुढे ज्या सवाई गंधर्व महोत्सवात तयार झाला, तो १९५३पासूनचा महोत्सवही आपल्याला बहुतेक मांडवातच भेटत आला. कापडी मांडव आवाज परत पाठवत नाही. त्यामुळे दगडी चर्चमध्ये पहिली तान ऐकताच पुणेकर श्रोता ‘काहीतरी बिघडले आहे’ असे म्हणणार, आणि युरोपीय समूहगान ऐकणारा त्याच जागी डोळे मिटून घेणार.

हे आकड्यांत पाहिले तर अधिक स्पष्ट होईल. आवाज ६० डेसिबेलने खाली यायला जितके सेकंद लागतात, त्याला निनादकाल म्हणतात. अमेरिकेतील वॉलेस सबाइन यांनी त्याचे साधे सूत्र घालून दिले आणि बॉस्टनचे १९००मध्ये उघडलेले सिंफनी हॉल त्याच अभ्यासाच्या आधारे उभे राहिले. सूत्र असे: दालनाचे घनफळ घनमीटरमध्ये घेऊन त्याला ०.१६१ने गुणावे आणि एकूण ध्वनिशोषणाने भागावे. आपल्या मापांवरून घनफळ सुमारे २३०० घनमीटर येते. निनादकाल चार सेकंद धरला, तर रिकाम्या दालनाचे एकूण शोषण अवघे ९२ चौरस मीटर ठरते, म्हणजे आवाज पूर्ण गिळणारा तेवढाच पृष्ठभाग असल्यासारखे. दगड, चुन्याचा गिलावा आणि फरशी आवाजाला जवळजवळ काहीच गिळत नाहीत, त्यामुळे हा आकडा अपेक्षितच आहे. (टाळी आणि मोबाइल यांनी केलेली मोजणी अंदाजापुरतीच धरावी, रस्त्याच्या गोंगाटामुळे पूर्ण ६० डेसिबेलचा उतार त्यात कधीच दिसत नाही.)

आता त्यात दोनशे श्रोते बसवा. एक बसलेला माणूस मध्यम पट्टीतील आवाजासाठी ढोबळमानाने ०.४५ चौरस मीटर शोषण देतो, म्हणजे दोनशे माणसांचे ९० झाले. शोषण दुप्पट झाले, निनादकाल दोन सेकंदांवर आला आणि आपण अजून एक रुपयाही खर्च केलेला नाही. म्हणूनच रिकाम्या दालनात टाळी वाजवून घेतलेल्या निर्णयावर माझा विश्वास नसतो. विक्रेते मात्र दालन नेहमी रिकामे असतानाच दाखवतात.

दोन सेकंद कोणाला पुरतात आणि कोणाला जड जातात? द्रुत तानेत गायक सेकंदाला आठ स्वर घेतो असे धरले, तर दोन स्वरांमध्ये एक अष्टमांश सेकंद मिळतो. तेवढ्या वेळात मागचा स्वर चार डेसिबेलनेही खाली येत नाही. म्हणजे नवा स्वर आला तेव्हा जुना जवळजवळ तितक्याच जोराने दालनात हजर असतो. तानेचे दाणे एकमेकांत मिसळतात, तबल्याच्या कायद्यात (ठरावीक बोलांचा विस्तार करणाऱ्या रचनेत) बोल वेगळे कळत नाहीत आणि निवेदकाचे वाक्य तिसऱ्या रांगेपलीकडे पोहोचत नाही. त्याच दालनात संथ आलाप, ध्रुपद, बासरी, सारंगी, व्हायोलिन आणि चेलो मात्र बहरतात. तंबोऱ्याची जोडी तर अशा जागी भिंतीच गाऊ लागल्यासारखी ऐकू येते. निवेदन आणि नाटकासाठी एक सेकंदाच्या आत-बाहेर, ख्याल व तबल्यासाठी एक ते दीड, पाश्चात्त्य चेंबर संगीतासाठी दीडच्या आसपास आणि समूहगानासाठी दोनहून अधिक सेकंद, हे मी वापरत असलेले आडाखे आहेत. ते नियम नाहीत, आणि कलाकारागणिक त्यांत फरक पडतो.

फोमचे पॅनेल या गणितात काय करतात ते पाहा. दोन इंची फोम वरच्या पट्टीतला आवाज गिळतो, खालच्या पट्टीतल्याला हात लावत नाही. डग्ग्याचा घुमार १०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि त्या लहरीची लांबी साडेतीन मीटरच्या घरात जाते; तिला दोन इंचांच्या थराने काय फरक पडणार? परिणामी शब्दांची धार, तबल्याच्या चाटीचा (कडेच्या बोलाचा) टणत्कार आणि तारांची चकाकी नाहीशी होते, आणि डग्ग्याचा घुम्म तेवढा शिल्लक राहतो. पूर्वी दालन फार बोलके होते. आता ते खोकला झालेल्या माणसासारखे बोलते. शिवाय साधा फोम आगीत झटकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो, हे एकच कारण मला तो नाकारायला पुरेसे आहे.

दुसरे नुकसान भिंतीचे. आमच्याकडच्या काळ्या दगडाच्या जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. त्या पावसाळ्यात ओल घेतात आणि हिवाळ्यात सोडतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा, तैलरंग किंवा चिकटवलेले पॅनेल आले की ओल आत कोंडते. सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका जुन्या दगडी दालनात मी पॅनेल गोंदाने चिकटवायला परवानगी दिली होती. दोन पावसाळ्यांनंतर ते फुगले, आणि काढताना त्यांच्याबरोबर शंभराहून अधिक वर्षे टिकलेला चुन्याचा गिलावा हाताएवढ्या पापुद्र्यांनी खाली आला. तेव्हापासून मी स्वतःला एक अट घातली आहे: जुन्या वास्तूत आपण केलेले प्रत्येक काम एका आठवड्यात, भिंतीला खूण न राहता, काढता आले पाहिजे.

या अटीत बसणारा उपाय म्हणजे मागे घेता येणारे जाड पडदे. ख्यालासाठी निनादकाल १.३ सेकंदांवर आणायचा असेल, तर दोनशे श्रोत्यांव्यतिरिक्त आपल्याला आणखी सुमारे १०० चौरस मीटर शोषण लागेल. भरपूर चुण्या असलेला, भिंतीपासून १५ ते २० सेंटिमीटर सुटा टांगलेला मखमल किंवा जाड लोकरी पडदा मध्यम पट्टीत साठ-सत्तर टक्के आवाज गिळतो. म्हणजे दीडशे चौरस मीटर पडदा पुरेल, आणि तो भिंतींच्या एकूण क्षेत्रफळाच्या तीस टक्क्यांच्या आसपास येतो. भिंतीपासूनचे अंतर महत्त्वाचे आहे, कारण भिंतीला लागूनच हवेच्या कणांची हालचाल सर्वांत कमी असते आणि तेथे कापड ठेवून उपयोग नसतो. समूहगान असेल तेव्हा पडदे कोपऱ्यांत गुंडाळावेत, तबलावादन असेल तेव्हा पूर्ण ओढावेत. पडद्यांचा रूळ दगडात भोके पाडून लावू नये. जमिनीवर उभ्या केलेल्या सुट्या चौकटींवर किंवा भिंतीच्या कंगोऱ्यावर टेकवलेल्या लाकडी पट्टीवर तो बसवता येतो. कापडावर अग्निरोधक प्रक्रिया करून घ्यावी. संगमरवरी स्मृतिफलक असतील तर ते मात्र पडद्याआड जाऊ देऊ नयेत. मंडळीतील कोणाच्या तरी पणजोबांचे नाव तेथे असते.

खालच्या पट्टीसाठी फोमप्रमाणेच पडदेही फारसे उपयोगी नाहीत. तेथे लाकूड कामी येते: मागे पोकळी असलेले पातळ लाकडी तख्त त्या लहरींबरोबर थरथरते आणि त्यांची शक्ती खाऊन टाकते. चर्चची जुनी सागवानी बाके, छपराखालची लाकडी तक्तपोशी आणि दारे हेच काम थोडेफार करत आलेली असतात. म्हणून बाके विकून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. याउलट कलाकारांचा मंच पोकळ ठेवू नका. मंडप डेकोरेटरचे रिकामे चौरंग डग्ग्याखाली ढोलासारखे वाजतात. चौरंगांच्या पोटात वाळूच्या पिशव्या ठासल्या की तो त्रास थांबतो. वाळूचे वजन जमिनीवर येते, त्यामुळे फरशीखाली जुनी थडगी किंवा तळघर आहे का याची आधी खात्री करून घ्यावी.

मंच कोठे असावा, याला मी पडद्यांपेक्षाही अधिक महत्त्व देते. सगळ्यांचा पहिला कल वेदीच्या जागेकडे असतो, कारण नजर तिकडेच जाते. परंतु वेदीची कमान म्हणजे दालनाला जोडलेली दुसरी खोलीच असते. गायक तिच्या आत बसला की त्याचा निम्मा आवाज तेथेच फिरत राहतो, आणि मागची भिंत अर्धवर्तुळाकार असेल तर तो एखाद्या भलत्याच जागी एकवटतो. मी बहुतेक वेळा लांब भिंतीच्या मध्याशी, फूटभर उंचीचा मंच सुचवते आणि श्रोत्यांना तीन बाजूंनी बसवते. दोन सेकंद निनादकालाच्या आपल्या दालनात गायकाचा थेट आवाज आणि घुमलेला आवाज अडीच ते तीन मीटरवरच सारखे होतात. त्यापलीकडे घुमारा वरचढ ठरतो. त्यामुळे शेवटचा श्रोता वीस मीटरवर असणे आणि आठ मीटरवर असणे यांत फार अंतर आहे. वेदी रिकामी राहिल्याने एक नाजूक प्रश्नही सुटतो, त्याकडे पुढे येते.

मायक्रोफोनबद्दल थोडेच लिहिते. घुमणाऱ्या दालनात मोठे स्पीकर दोन कोपऱ्यांत उभे करून आवाज वाढवणे म्हणजे घुमाराच वाढवणे होय. लहान, उभट, स्तंभासारखे स्पीकर श्रोत्यांच्या जवळ, त्यांच्याकडे तोंड करून आणि हळू आवाजात ठेवावेत; मागच्या स्पीकरला दर मीटरमागे सुमारे तीन मिलिसेकंदांचा विलंब द्यावा, म्हणजे आवाज मंचावरूनच आल्याचा भास टिकतो. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हीच युक्ती वापरली गेली होती. शंभर-सव्वाशे श्रोते असतील, तर मात्र एखादी मैफल मायक्रोफोनशिवाय करून पाहा. आजच्या पिढीतल्या अनेक श्रोत्यांनी गायकाचा उघडा गळा कधी ऐकलेलाच नसतो.

या सगळ्याआधी दोन गोष्टी तपासायला हव्यात, आणि त्यांवर बाकीचे अवलंबून आहे. पहिली म्हणजे बाहेरचा आवाज. कॅम्पमध्ये संध्याकाळी सात वाजता रस्त्यावरचे हॉर्न थांबत नाहीत, आणि कौलारू छप्पर हलके व फटींचे असल्याने भिंत कितीही जाड असली तरी आवाज वरून येतो. खिडक्यांना आतल्या बाजूने, रंगीत काचेपासून दहा सेंटिमीटर अंतरावर, काढता येणारी दुसरी काच बसवता येते. पण मग हवा कोठून येणार? पंखे आणि वातानुकूलनाचा आवाज हा पुढचा खर्च ठरतो. म्हणून मी आपल्यासारख्यांना आधी वेळ बदलून पाहा असे सुचवते. रविवारी सकाळी साडेसहाला रस्ता शांत असतो, हवा थंड असते, आणि संध्याकाळच्या मैफलींमुळे ऐकायला न मिळणारे तोडी, ललत, भैरव यांना हक्काची जागा मिळते. रात्रीच्या कार्यक्रमांसाठी २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांतली रात्री दहा ते सकाळी सहा ही ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याची वेळ लक्षात ठेवावी. बंदिस्त सभागृहाला त्यात सवलत आहे, परंतु आवाज आतल्या आतच राहील हे गृहीत आहे, आणि फटींचे छप्पर तसे राहू देत नाही. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबेल आहे.

दुसरी गोष्ट छपराची. छपराचा भार पेलणाऱ्या सागवानी कैच्यांची (त्रिकोणी चौकटींची) टोके जेथे भिंतीत शिरतात तेथेच ती कुजतात किंवा वाळवीने पोखरली जातात, आणि खालून ती धडधाकट दिसतात. जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने वर चढून प्रत्येक टोक टोचून पाहिल्याशिवाय कैचीला एक दिवासुद्धा टांगू नये, स्पीकर तर दूरच. त्याच फेरीत दारेही पाहावीत. जुन्या चर्चची दारे बहुधा आत उघडतात, आणि दोनशे माणसे घाबरून धावली तर आत उघडणारे दार बंदच राहते. ती बाहेर उघडतील अशी करणे किंवा कार्यक्रमभर पूर्ण उघडी बांधून ठेवणे, आणि बाहेर पडण्याचे किमान दोन स्वतंत्र मार्ग मोकळे ठेवणे, याला पर्याय नाही.

परवानग्यांबाबत मी वकील नाही, म्हणून दिशाच दाखवते. इमारत सार्वजनिक न्यासाची असेल आणि आपल्याला तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा हवा असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. जमीन कॅन्टोन्मेंट हद्दीत असेल, तर ती कोणत्या अटींवर दिली गेली होती याचा मूळ कागद पाहावा. वापर बदलण्याचा प्रश्न तेथे अडतो. वारसा यादीत नाव असल्यास तेही पाहावे लागेल.

मंडळीशी बोलणे मात्र वकिलावर सोपवू नका. कमिटीचा ठराव होतो, पण त्याच वेदीसमोर ज्यांचे लग्न लागले ती माणसे ठरावात नसतात. वेदी रिकामी ठेवणे, तेथे कलाकारांची ग्रीनरूम न करणे, आवारात मद्य नसणे आणि ही जागा लग्नसमारंभांना भाड्याने न देणे, एवढ्या चार गोष्टी लेखी दिल्या तर पुष्कळ कटुता टळते. पहिला कार्यक्रम मंडळीच्याच गायकांचा ठेवावा. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने पेटी-तबल्यावर मराठी चर्चमध्ये शंभर वर्षे गायली जात आहेत. त्या भिंतींना आपले संगीत नवीन नाही. उपासना चालू असलेल्या चर्चमध्ये मैफल करणे हा वेगळा विषय आहे. कॅथलिक चर्चसाठी व्हॅटिकनने १९८७मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात अशा कार्यक्रमांना प्रवेश विनामूल्य असावा असे म्हटले आहे. आपल्या इमारतीत उपासना होत नसल्याने तिकीट लावता येईल, पण आधी तसे स्पष्ट लिहून घ्यावे.

असे बदल परदेशात नीट झालेले आहेत. लंडनचे सेंट जॉन्स स्मिथ स्क्वेअर हे १७२८चे चर्च १९४१च्या बॉम्बहल्ल्यात जळाले आणि १९६९पासून ते मैफलींचे दालन आहे. त्याच शहरातील १७३३चे सेंट ल्यूक्स १९५९मध्ये बंद पडले, छप्पर काढल्यावर कित्येक वर्षे उघडे राहिले आणि २००३मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या सरावाची व कार्यक्रमांची जागा म्हणून उघडले. १९७५मध्ये सुरू झालेले हेन्री वुड हॉल हेही मूळचे चर्च. ते मुख्यतः सराव आणि ध्वनिमुद्रणासाठी वापरले जाते, आणि हा मार्ग आपणही विचारात घ्यावा. ध्वनिमुद्रणाला श्रोते, वाहनतळ आणि स्वच्छतागृहांची रांग लागत नाही. पहाटेची शांतता असली की पुरते. तेथे झालेला खर्च पाहून मात्र बिचकू नका, आपल्याला छप्पर नव्याने बांधायचे नाही.

तेव्हा आत्ता दरपत्रक बाजूला ठेवून, छपराची तपासणी झाली की तीन चाचणी मैफली करा: एक आलापप्रधान गायनाची, एक तबलावादनाची आणि एक समूहगानाची. प्रत्येकीला शंभर माणसे बोलवा, सतरंज्या आणि डेकोरेटरकडून भाड्याने आणलेले जाड पडदे वापरा, आणि मध्यंतरात श्रोत्यांना जागा बदलायला सांगून कोठे काय ऐकू आले ते चिठ्ठीवर लिहून घ्या. पडदे एका मैफलीत अर्धे, एकीत पूर्ण, एकीत अजिबात नको. स्पीकरमधून खालच्या पट्टीचा सूर हळूहळू वर चढवत नेऊन कोणती रंगीत काच थरथरते तेही त्याच दिवशी पाहून घ्या. शिशाच्या पट्ट्या सैल झाल्या असतील तर काच लगेच बोलते आणि ती दुरुस्ती पडद्यांच्या आधी करावी लागते. आणि जुलैमध्ये धो धो पाऊस असताना एक संध्याकाळ दालनात नुसते बसून काढा. कौलांवरच्या पावसात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू आले नाही, तर आपला हंगाम ऑक्टोबर ते मे एवढाच धरून हिशेब मांडा.